मुक्ताईची पिशवी

...आणि हे सगळं कशासाठी म्हणाल, तर पाव किलो तूरडाळीसाठी! तुम्हाला सांगतो, माणसाला आठवड्यातून सुट्टी एक, तीही गुरुवारची, कारण मार्टच्या वॉचमनला रविवारी सुट्टी कोण देणार, रविवारीच तर अख्ख्या पुण्याला किराणा आठवतो. तर त्या एकुलत्या एका गुरुवारी उत्तरेश्वर बिचारा पाय पसरून पेपर उघडतो न उघडतो तोच आतून मुक्ताईचा आवाज, ‘‘अहो, उठा. तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही फक्त पिशवी धरा!’’

फक्त! या ‘फक्त’मध्ये किती मैल बसतात ते उत्तरेश्वरच्या चपलेला विचारा. येरवड्यातून निघायचं. तेल घ्यायचं जुन्या गल्लीतल्या टपरीवर, का, तर तिथं बाटली घेऊन गेलं की सुटं मिळतं आणि बाटलीच्या गळ्याशी आलं तरी तो हात आखडत नाही. डाळ घ्यायची विश्रांतवाडीला, का, तर तिथं तुकडा डाळ वेगळी काढून ठेवतात आणि आमटीत गेल्यावर तुकडा काय नि अख्खी काय, शिजून एकच! मिरची तिसरीकडं. चहाची पुडी चौथीकडं. आणि भाजी? भाजी संध्याकाळी सात वाजता, भाजीवाल्या बायका उठायच्या बेतात असल्या की. सहा वाजता गेलं तर ‘घ्यायची तर घ्या’ म्हणतात आणि सात वाजता ‘घ्या हो ताई, घेऊन टाका’ म्हणतात. आता या सहा ते सात मध्ये माणसानं करायचं काय? उभं राहायचं! कोपऱ्यावर, पिशवी धरून!

‘‘अगं, एकाच ठिकाणी का नाही घेत?’’ उत्तरेश्वर दर गुरुवारी विचारतो. त्यावर मुक्ताई अशी बघते की जणू यानं सगळी लेकरं एकाच शाळेतल्या एकाच मास्तरच्या पदरात टाकू का असं विचारलंय.

त्यांची उत्कर्षा आहे ना, कॉलेजात जाते, बीकॉमला, ती आपली मोबाईलमधून मान वर न काढता म्हणते, ‘‘आई, सीरियसली, ॲपवर मागव ना! दहा मिनिटांत घरी येतं सगळं!’’

‘‘येतं,’’ मुक्ताई म्हणते, ‘‘पण कुठल्या गोणीतलं येतं? गोणीत हात घालू देतो का तुझा ॲप? दाण्याला दात लावून बघू देतो का?’’

‘‘आई, त्याला रेटिंग असतं.’’

‘‘मला दात असतात.’’

संपला विषय! धरा पिशवी!

आता यात खरी गंमत कुठंय ते सांगतो. हा उत्तरेश्वर ज्या मार्टच्या दारात उभा राहतो ना, ते मार्ट म्हणजे सगळं एका छताखाली! मिठापासून मोहरीपर्यंत, तेही थंडगार हवेत. त्याच्या अंगावर निळा युनिफॉर्म, खांद्यावर पट्ट्या, डोक्यावर टोपी. येणाऱ्याला नमस्कार करायचा, बाहेरून आणलेली पिशवी असली तर ती दारात प्लास्टिकच्या पट्टीनं बंद करायची, आणि जाणाऱ्याचं बिल बघून त्याला भोक पाडायचं. चार वर्षं हेच काम. आणि चार वर्षांत त्याची स्वतःची बायको त्या दारातून एकदाही आत आलेली नाही! म्हणजे हलवायाच्या बायकोनं लाडू शेजारून आणावेत, तसलाच प्रकार. बरं, नोकरांच्या घरच्यांना सवलतीचं कार्ड आहे. बाकीच्या वॉचमनांच्या बायका येतात, ट्रॉली ढकलतात, नवऱ्याकडं बघून हसतात. उत्तरेश्वरचं कार्ड पाकिटात तसंच कोरं करकरीत!

तिथला मॅनेजर दिग्विजय, तिशीतला पोरगा, मार्केटिंग शिकून आलेला, टाय असा घट्ट की बोलताना गळा वरखाली होतो. तो दर महिन्याला विचारायचा, ‘‘काका, तुमच्या फॅमिलीचा डेटाच नाही आपल्याकडं. काकू शॉपिंग कुठं करतात?’’

आता या पोराला काय सांगायचं? सगळीकडं करतात म्हणून?

पण तुम्हाला खरं सांगू? उत्तरेश्वरला ती का येत नाही ते कळत होतं. कारण तो काही जन्माचा वॉचमन नाही. तो दुकानातला माणूस! केजहून पुण्याला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, नवीन लग्न झालेलं, आणि येरवड्यातच संभाजीशेठच्या किराणा दुकानात काट्यावर लागला. अकरा वर्षं काट्यावर! आणि काय दुकान होतं ते... म्हणजे होतं एवढंसंच हो, दहा बाय बारा, पण पायरी चढली की वास यायचा. गूळ, हिंग, रॉकेल, नव्या गोणपाटाचा वास, आणि या सगळ्यांच्या मागं मसाल्याचा, असा नाकात घुसणारा. आजही उत्तरेश्वरला कुठं नवं गोणपाट दिसलं की तो उगाच वाकून हुंगतो. मार्टला कसला वास आहे सांगा? फरशी पुसायच्या औषधाचा!

आणि गिऱ्हाईक म्हणजे काय गिऱ्हाईक! गल्लीतली माणसं रुपयाचं तेल मागायची, आठ आण्यांचा चहा, एक कांडी उदबत्ती. हो, एक कांडी! आणि संभाजीशेठ कुणाकडं बघून भुवई उचलायचा नाही. उलट उत्तरेश्वरनं पहिल्या आठवड्यात एका म्हातारीला ‘एवढंसंच?’ म्हणून विचारलं, तेव्हा शेठनं त्याला गल्ल्यामागं नेऊन दम भरला होता, ‘‘ए, एवढंसंच म्हणायचं नाही. ज्याला एवढंसं लागतं तो रोज येतो. रोज येणारा आपला. कळलं? काट्याकडं कमी बघ, माणसाच्या तोंडाकडं बघ.’’

आणि उत्तरेश्वर बघायला शिकला. अर्धा किलो साखर जास्त नेली, म्हणजे पाहुणे आले. साबुदाणा नेला, म्हणजे सासू आली. नुसतेच तांदूळ नेले आणि मान खाली, म्हणजे कारखान्यात पगार झालेला नाही. मग त्या पुडीत न मागता मूठभर शेंगदाणे पडायचे, शेठच्या डोळ्यांदेखत पडायचे आणि शेठ त्या वेळी बरोब्बर कॅलेंडर बघत असायचा. आणि बायका दुकान का निवडतात म्हणता? दोन पैसे स्वस्त म्हणून? असेल, तेही असेल. पण जिथं एवढंसं मागताना तोंड लपवावं लागत नाही ना, तिथंच पाय वळतात. हे कुठल्या डेटात बसवणार तो दिग्विजय?

आणि पुड्या! अहाहा... तुम्हाला सांगतो, उत्तरेश्वरची पुडी म्हणजे दागिना होता दागिना. पेपरचा तुकडा, त्यावर साखर, चार घड्या, वरून रिळाचा दोरा सर्रकन दोनदा, एक झटका, दोरा तुटला! पुडी वरून टाकली तरी फुटायची नाही. गल्लीतली पोरं नुसती बघायला उभी राहायची. मग रस्ता रुंद झाला, दुकान निम्म्यात कापलं गेलं, शेठ गेला, आणि राहिलेल्या निम्म्यात त्याच्या मुलानं मोबाईल रिपेअरिंग टाकलं. आता तिथं वास येतो तो सोल्डरिंगच्या डाखाचा. आणि काट्यावरचा हात सोळा वर्षं या ना त्या दारात दंडुका धरून शेवटी गेला बिलाला भोकं पाडायला!

असो. मूळ मुद्दा राहिला बाजूला. तर कार्ड.

एका बुधवारी उत्तरेश्वरनं हट्टच धरला. जेवता जेवता म्हणाला, ‘‘चार वर्षं झाली, तू मला कामावर उभं राहिलेलं एकदा तरी बघितलंस का? युनिफॉर्म इस्त्रीचा असतो माझा.’’

मुक्ताई भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, ‘‘उद्या गुरुवार. तुम्ही घरी.’’

‘‘मग शुक्रवारी ये. साखरेवर सूट आहे.’’

‘‘शुक्रवारी मला लोणीला जायचंय, ज्वारी आणायला.’’

हो, ते सांगायचंच राहिलं! ज्वारी! सगळं येरवड्यात मिळेल, पण ज्वारी घ्यायची तर लोणी काळभोरला. तिथं तिची चुलतबहीण राधा राहते, ती ओळखीच्या शेतकऱ्याकडून काढून ठेवते. बस बदलून जायचं, बस बदलून यायचं. आणि या एका खरेदीला, फक्त या एका, मुक्ताई त्याला कधी नेत नाही. ‘तुमची ड्यूटी असते’ म्हणते. गुरुवारी का नाही जात मग? तर म्हणते, राधा गुरुवारी नसते. बरं, नसेल!

‘‘मग लोणीहून येताना ये,’’ उत्तरेश्वर पाकिटातलं कार्ड तिच्यापुढं ठेवत म्हणाला, ‘‘बसस्टॉप समोरच आहे.’’

‘‘बघते.’’

आता ‘बघते’ म्हणजे नाही, हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको. पण शुक्रवारी दुपारी साडेतीनला उत्तरेश्वर दारात उभा, आणि समोर बसमधून उतरली मुक्ताई! जांभळं लुगडं, बाहेर जायचं. हातात ती जगप्रसिद्ध कापडी पिशवी, टम्म फुगलेली, खांदा एका बाजूला वाकलेला. आणि उत्तरेश्वरला काय झालं कुणास ठाऊक, त्यानं टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट मारला! एखाद्या मंत्र्याला मारावा तसा! मुक्ताईनं इकडं तिकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि हसत हसत आत गेली. तीस वर्षांत एवढी लाजली नव्हती बाई. आणि उत्तरेश्वर त्या आनंदात असा काही हरवला, की पिशवीला पट्टी लावायची विसरून गेला.

चार वर्षांत पहिल्यांदा विसरला. आणि कुणाची, तर स्वतःच्या बायकोची!

आत काय झालं ते नंतर पायलनं सांगितलं. पायल म्हणजे बिलाच्या काउंटरवरची पोरगी, आपल्या येरवड्याचीच. तर मुक्ताई म्हणे मिठासमोर पाच मिनिटं उभी. चौदा तऱ्हेचं मीठ! गुलाबी, काळं, खडे, बिनखडे. तिनं विचारलं, ‘‘यातलं खारट कुठलं?’’ मग डाळीपाशी गेली, तिथल्या पोरीला म्हणाली, ‘‘पाव किलो दे गं.’’

‘‘काकू, सुटं नसतं. अर्ध्याचं पाकीट आहे.’’

‘‘बरं, हे फोडून बघू का?’’

‘‘काकू, फोडलं की घ्यावं लागतं.’’

‘‘अगं, घ्यायचं की नाही ते ठरवायलाच फोडायचं ना?’’

शेवटी मुक्ताईनं एक किलो साखर उचलली, नवऱ्याच्या शब्दाला मान म्हणून, कार्ड दाखवलं, पैसे दिले, आणि बिल हातात घेऊन दाराशी आली. उत्तरेश्वर भोक पाडायला हात पुढं करतोय, तेवढ्यात मागून, ‘‘एक मिनिट, काका.’’

दिग्विजय! आत बसून टीव्हीवर बघत होता. त्या पडद्यावर सगळं दिसतं, नवऱ्याचा सॅल्यूट दिसतो, बायकोची पिशवी दिसते, फक्त ती बायको आहे एवढं दिसत नाही.

‘‘या मॅडमच्या बॅगला सील कुठंय?’’

‘‘साहेब... राहिलं. माझी चूक. आमची मंडळी आहे ही.’’

दिग्विजयचा गळा वरखाली झाला. वाईट पोरगा नव्हता हो तो. पण मागं बिलासाठी रांग उभी, सगळे बघतायत, आणि परवाच वरच्या ऑफिसातून मेल आलेला की माल कमी भरतोय. म्हणाला, ‘‘सॉरी काकू. पण काका, रूल इज रूल. सगळ्यांना सारखा. बॅग रिकामी करून चेक करावी लागेल.’’ आणि मग हळूच, ‘‘तुम्हीच करा.’’

आता बघा काय वेळ आली! चार वर्षांत या माणसानं किती पिशव्या उघडल्या असतील? लॅपटॉपच्या, पर्सा, पोरांची दप्तरं. कुणी कपाळाला आठ्या घातल्या, कुणी शिव्या दिल्या, हा आपला ‘सॉरी मॅडम’ म्हणत राहिला. पण आज हात उठेना. खांद्यावरच्या त्या दोन पट्ट्या मणामणाच्या झाल्या. मनात आलं, टोपी काढावी, त्या टेबलावर ठेवावी आणि हिला घेऊन चालायला लागावं. आणि मग? उत्कर्षाची फी? साठीच्या माणसाला दुसऱ्या कुठल्या दारात उभं करतात?

मुक्ताईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. क्षणभरच. आणि तिनं स्वतःच पिशवी पुढं केली. ‘‘धरा पिशवी,’’ म्हणाली. ‘‘तपासा. नोकरी हाय तुमची.’’

‘फक्त’ नाही म्हणाली या वेळी. त्याच्या लक्षात आलं ते.

तर त्यानं एक एक वस्तू टेबलावर काढली. रांगेतली माणसं माना उंच करून बघतायत! मिरचीची पुडी निघाली. चहाची निघाली. मग निघाली सुकट! आणि ती थंड मशीनची हवा, ती काय थांबते? सुकटीचा वास असा सरळ बिस्किटांच्या रांगेतून परफ्यूमपर्यंत गेला. एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, ‘‘ईऽऽ!’’ मागचा एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाला, ‘‘वाऽऽ!’’ मग शेंगदाण्याची कागदी पुडी. दिग्विजयनं ती बोटानं दाबून बघितली आणि फट्ट! शेंगदाणे टेबलभर.

‘‘हे आपल्याकडचे लूज वाटतायत,’’ तो म्हणाला.

आता मात्र मुक्ताई जागी झाली. ‘‘तुमच्याकडचे? लेकरा, तुमच्याकडचे शेंगदाणे प्लास्टिकात घामेजून बसलेत. हे दाणे गल्लीतल्या टपरीवरचे हायेत, सकाळी निघताना चार खाऊन बघितले अन् मग घेतले. अन् पुडी बघ ना, कागदाची. तुमच्या एवढ्या मोठ्या दुकानात कागदाची पुडी बांधता येणारा एक माणूस दाखव. दाखव, अन् मी याचे पैसे भरते!’’

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. झालं! पुण्यातली रांग ती, तिला एवढंच पाहिजे असतं. मागून आवाज आला, ‘‘बांधा की साहेब, शिक्षण झालंय ना एवढं!’’

आणि दिग्विजयनं घेतलं की हो मनावर! पेपरचा तुकडा घेतला, दाणे ठेवले, घड्या घातल्या आणि झाली त्याची होडी. उचलली तर खालून गळती. पायल म्हणाली, ‘‘सर, थांबा,’’ आणि तिनं केला भेळेचा कोन. कोन चांगला झाला, पण वरून उघडा. ‘‘चमचा द्या बरोबर!’’ मागून आवाज. एका काकांनी स्वतः पुढं येऊन प्रयत्न केला, त्यांचा कागदच फाटला.

आणि मग उत्तरेश्वरनं टेबलावरचे दाणे गोळा केले. बिलाच्या कागदाच्या गठ्ठ्याला गुंडाळलेला दोरा काढला. चार घड्या, सर्रकन दोनदा, एक झटका. टक! पुडी. त्यानं ती हातभर वरून टेबलावर टाकली. फुटली नाही. वीस वर्षं बोटं रिकामी होती, पण विसरली नव्हती. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! खऱ्या टाळ्या! उत्तरेश्वरचं नाक असं फुललं, मिशी वर गेली, पुन्हा तो सव्वीस वर्षांचा काट्यावरचा माणूस झाला. पिशवीत तळाशी दोन पुरचुंड्या राहिल्या होत्या. त्यानं तोऱ्यात पहिली सोडली, दाणे तळहातावर घेतले आणि दिग्विजयच्या नाकापुढं धरले, ‘‘हे बघा साहेब, याला म्हणतात मालदांडी ज्वारी. मोत्यासारखी. अशी ठेवता का तुम्ही?’’

आणि त्याच तोऱ्यात त्यानं दुसरी पुरचुंडी सोडली.

...ती मालदांडी नव्हती.

पावसात सापडलेली ज्वारी होती ती. बारीक, काळपट ठिपके पडलेली. संभाजीशेठ असली ज्वारी दुकानात वेगळ्या डब्यात, मागच्या बाजूला ठेवायचा, जनावरं पाळणारे मागायला आले तर द्यायला. उत्तरेश्वरला ती ओळखायला तळहातावर घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

घरात तर भाकरी पांढरीशुभ्र असते. त्याच्या ताटात. उत्कर्षाच्या डब्यात. मग ही? आणि मुक्ताई जेवते कधी? सकाळी तो ड्यूटीला गेल्यावर. संध्याकाळी सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याकडं तोंड करून. आणि लोणीला कधी नेत नाही... गुरुवारी राधा नसते...

‘‘ही कुणाला गं?’’ त्यानं विचारलं. आवाज एवढा खाली गेला की फक्त तिलाच ऐकू आला.

मुक्ताईनं मान वळवली. ‘‘कोंबड्यांना,’’ म्हणाली.

दिग्विजयनं टिपलं ते. ‘‘ओह, काका, तुमच्याकडं कोंबड्या आहेत?’’

चौथ्या मजल्यावर राहतात हो ते! एका खोलीत! खिडकीत तुळस ठेवायला जागा नाही!

सगळी रांग बघतेय. ‘‘आहेत, साहेब,’’ उत्तरेश्वर म्हणाला, ‘‘एक आहे.’’ आणि पुरचुंडी बांधली. गाठ बसायला वेळ लागला. मग एक एक वस्तू पिशवीत भरली, साखरेच्या बिलाला भोक पाडलं आणि बायकोला नमस्कार केला, ‘‘थँक्यू मॅडम, पुन्हा या.’’ ते म्हणायचंच असतं तिथं. नियम आहे.

संध्याकाळी घरी गेला तो टोपी न काढताच पाटावर बसला. ‘‘कोंबडीच्या पिठाची भाकरी वाढ,’’ म्हणाला.

‘‘काहीतरीच. तुम्हाला नाही जायची.’’

‘‘तुला कशी जाते?’’

‘‘मला काय, मला दोन्ही सारख्याच लागतात.’’

‘‘सारख्या लागतात?’’

मुक्ताईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, ‘‘नाही लागत.’’ आणि तिलाच हसू आलं. ‘‘पण तुमची जीभ दुकानातली. अकरा वर्षं तुम्ही लोकांना निवडून धान्य दिलं. त्या माणसाच्या ताटात काळी भाकर टाकायची तर मला लाज नाही वाटायची? ज्वारी महागली तेव्हापासून असंच चाललंय. चार दुकानं फिरून भागवते, तरी ज्वारीत मेळ बसत नाही. मग घेते थोडी ही, थोडी ती. तुम्हाला कशाला सांगायचं?’’

उत्कर्षानं मोबाईल बाजूला ठेवला. ‘‘मला माहीत होतं,’’ म्हणाली. ‘‘आईनं शपथ घातली होती.’’

म्हणजे सगळ्या घराला माहीत आणि काट्यावरच्या माणसाला पत्ता नाही! शेठनं सांगितलं होतं ना, माणसाच्या तोंडाकडं बघ? अख्ख्या गल्लीच्या तोंडाकडं बघितलं यानं. घरातलं तोंड तेवढं राहिलं.

उठला तो. दोन्ही डबे काढले, पांढऱ्यात काळं ओतलं, परातीत हातानं कालवलं. मुक्ताई ‘अहो, अहो’ करतेय, तोवर सगळं पीठ एक! त्या दिवसापासून त्यांच्याकडं तिघांची भाकरी एकाच रंगाची असते. कसला रंग म्हणाल तर पुण्याच्या पावसाळ्यातल्या आभाळाचा. चवीला? खोटं कशाला बोलू, बरी लागते. उत्कर्षा डब्यात नेते, मैत्रिणींना सांगते, मल्टिग्रेन आहे म्हणून.

आणि इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नाही! दिग्विजय आहे ना!

सोमवारी त्यानं उत्तरेश्वरला केबिनमध्ये बोलावलं. उत्तरेश्वरला वाटलं, गेली नोकरी. दिग्विजयनं खुर्ची दिली! म्हणजे नक्कीच गेली! आणि तो म्हणतो काय, ‘‘काका, परवाचा तुमचा व्हिडिओ कुणीतरी टाकलाय. चाळीस हजार लोकांनी पाहिला. लोकांना हे हवंय, काका! जुनं दुकान, जुना काटा, कागदी पुडी! आपण एक कॉर्नर करतोय. तुम्ही काउंटरवर!’’

आणि केला की! दहा बाय बाराचाच कॉर्नर. नवीन गोणपाटं आणली आणि त्यांच्या तोंडाशी तेवढेच दाणे, खाली थर्माकोल! पितळी तराजू आणला, तो नुसता टांगलेला, वजन खालच्या मशीनवर. उत्तरेश्वरचा निळा युनिफॉर्म गेला, पांढरं धोतर आलं. अहो, संभाजीशेठच्या दुकानात तो पँट घालायचा! पण दिग्विजय म्हणाला, ‘‘काका, पब्लिकला धोतर ऑथेंटिक वाटतं.’’

आणि लोक येतात! कल्याणीनगरहून येतात, गाड्या करून येतात. पोरांना दाखवतात, ‘‘बघ बेटा, पूर्वी असं मिळायचं.’’ फोटो काढतात. ‘‘काका, पुन्हा बांधा ना, दोरा तोडताना आलं नाही.’’ डोळ्यांत पाणी येतं हो काहींच्या. एक वयस्कर बाई तर पुडी हुंगून म्हणाल्या, ‘‘अगदी तोच वास!’’ कसला तोच वास? वास तर फरशीच्या औषधाचाच होता! पण उत्तरेश्वर पुढची पुडी बांधायला लागला. पगार थोडा वाढलाय. बसायला स्टूल मिळालंय. आणि कुणी बघत नसलं की तो अजून पुडीत मूठभर जास्त टाकतो. पण खालच्या मशीनला कॅलेंडर बघता येत नाही ना, ते लगेच पीं पीं करतं!

आणि मागच्या महिन्यात एक दिवस त्या गर्दीत, रांगेत मुक्ताई! गुपचूप आलेली, हात रिकामे. आठ-दहा माणसांमागं आपली सरळ उभी राहिली, बाकीच्यांसारखी. हळूहळू पुढं सरकली. नंबर आला. उत्तरेश्वरनं वर बघितलं आणि त्याचा हात दोऱ्यावरच थांबला.

‘‘बोला,’’ तो म्हणाला, ‘‘काय देऊ?’’

तिनं गोणीत हात घातला. दोन शेंगदाणे तोंडात टाकले. कुणी अडवलं नाही, तिथं ते चालतं, तेवढ्यासाठीच तर केलंय सगळं. सावकाश चावले. मग त्याच्या धोतराकडं बघितलं, पितळी तराजूकडं बघितलं, आणि शेवटी वर टांगलेली भावाची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली.

‘‘दाणे चांगले हायेत,’’ म्हणाली, ‘‘माणूसही चांगलाय. पण आम्हाला परवडायचं नाही.’’

आणि गेली टपरीवर.